कान्हेरी लेणी

कान्हेरी लेणी हा मुंबई उपनगर जिल्ह्यात, बोरिवली पूर्वेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असलेला बौद्ध लेण्यांचा समूह आहे. बेसॉल्ट खडकात कोरलेली येथील शंभराहून अधिक लेणी इ.स.पू. पहिल्या शतकापासून सुमारे इ.स.च्या दहाव्या शतकापर्यंत घडत गेली. शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘कन्हसेल’, म्हणजे कृष्णशैल, असे येते. निरनिराळ्या काळातील दाते आणि प्रवासी यांनी मागे ठेवलेल्या लेखांमुळे या स्थळाचा इतिहास समजण्यास मदत होते.

== रचना ==
कान्हेरी ही भिक्खूंची मोठी वसाहत होती. बहुसंख्य लेणी निवासासाठीचे लहान विहार असून त्यांत खोल्या व दगडी ओटे आहेत. अनेक विहारांजवळ पाण्याचे टाके असून पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींवाटे त्यांत साठवले जाई. वेगवेगळ्या पातळ्यांवरील लेणी कोरीव पायऱ्यांनी जोडलेली आहेत. लेणे क्र. ३ हे येथील मुख्य चैत्यगृह असून त्याच्या व्हरांड्यात सुमारे ७ मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती आहेत. लेणे क्र. ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आढळतो.

== दाते ==
सोपारा, कल्याण आणि चेमुल (चौल) या बंदरांशी व्यापारी मार्गांनी असलेला संपर्क कान्हेरीच्या भरभराटीस कारणीभूत ठरला. ब्राह्मी लेखांत व्यापारी, सोनार, भिक्खुणी व गृहिणी यांनी दिलेल्या लेणी, टाकी आणि जमिनींच्या दानांची नोंद आहे.

== प्रवासी ==
लेणे क्र. ९० मध्ये पहलवी लिपीतील लेख आहेत. इ.स. १००९ व १०२१ मध्ये येथे आलेल्या जरथुश्त्री यात्रेकरूंची नावे व भेटीचे दिवस त्यांत कोरलेले आहेत. भारतातील पारशी समाजाच्या प्रारंभीच्या काळाविषयी प्रत्यक्ष पुरावे थोडे असल्याने या लेखांना विशेष महत्त्व आहे.

१५३४ मध्ये साष्टी बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर युरोपीय प्रवासी येथे येऊ लागले. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने १६७५ मध्ये आणि फ्रेंच अभ्यासक आंकतील द्युपेराँ याने १७६० मध्ये लेण्यांना भेट दिली. द्युपेराँने पुढे १७७१ मध्ये अवेस्ताचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला. १८३९ मध्ये जेम्स बर्ड यांनी चैत्यगृहासमोरील स्तूप उकरला असता एक ताम्रपट मिळाला. त्यावर त्रैकूटक राजवटीतील २४५ हे वर्ष, म्हणजे सुमारे इ.स. ४९४, नोंदलेले आहे.

== संवर्धन ==
लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत असलेले संरक्षित स्मारक आहेत. भिंतींवर नावे कोरल्याने जुन्या अक्षरांची व शिल्पांची भरून न येणारी हानी होते. एकदा पुसले गेलेले अक्षर पुन्हा वाचता येत नाही आणि त्यासोबत एखाद्या दात्याचा किंवा प्रवाशाचा एकमेव उल्लेखही नाहीसा होऊ शकतो. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ नुसार संरक्षित स्मारक विद्रूप करणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

== कसे जावे ==
पश्चिम रेल्वेवरील बोरिवली हे सर्वांत जवळचे स्थानक आहे. उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे ६ ते ७ किलोमीटर आत आहेत. उद्यान सोमवारी बंद असते. पावसाळ्यात ओढे, धबधबे व भरलेली टाकी यांमुळे जुनी जलव्यवस्था प्रत्यक्ष पाहता येते. मात्र या काळात कोरीव पायऱ्या निसरड्या होतात.