शिक्का प्रौढांचा, जाहिरात पोरांना

१९९३ साली अमेरिकी सिनेटने हिंसक व्हिडिओ गेमवर सुनावणी घेतली. कायदा येईल या धास्तीने गेम उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःचेच मानांकन मंडळ काढले. म्हणजे आरोपीच न्यायाधीश! परिणाम काय झाला? २००० साली फेडरल ट्रेड कमिशनने '१७ वर्षे व पुढील' शिक्क्याचे ११८ हिंसक गेम तपासले. त्यांतल्या ८३ गेमच्या प्रचाराचा रोख १७ वर्षांखालील मुलांवरच होता.

शेजारच्या कॅनडात क्वेबेक प्रांताने मात्र १९८० पासूनच, थोडे अपवाद वगळता, १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिरात करण्यावर कायद्याने बंदी घातली. एक खेळणी कंपनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दाखला देत कोर्टात गेली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली.

मित्रांनो, ज्याला अंकुश हवा त्याच्याच सदसद्विवेकावर दुर्बळाचे संरक्षण सोपवता येत नाही. त्यासाठी कायदाच लागतो.