काट्यावरचा स्वयंपाक

ह्यांच्या किडनीचं निदान झालं आणि आमच्या ओट्यावर एक छोटा वजनकाटा आला. वरण मोजून. मीठ बेताचं. लोणचं-पापड बंद. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं (पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं). हे सगळं मुळात कोणी ठरवलं, म्हणून वाचत गेले.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने १८२७ साली अंगावरची सूज, लघवीतून जाणारं प्रथिन आणि बिघडलेली किडनी यांचा संबंध दाखवला. पण पुढची शंभराहून जास्त वर्षं औषध असं नव्हतंच, होतं ते पथ्य. त्यातही एकमत नाही! कोणी म्हणे लघवीतून जातंय ते भरून काढायला प्रथिनं वाढवा, कोणी म्हणे तोडा.

तोडा म्हणणाऱ्यांत होते स्टॅनफर्डचे थॉमस अ‍ॅडिस. त्यांचं म्हणणं आपल्याला सहज पटेल असं. प्रथिनांपासून युरिया होतो, तो बाहेर टाकणं हे किडनीचं काम. किडनीचा जो भाग शाबूत आहे त्याच्यावरचं ओझं कमी करा.

१९४१ साली त्यांच्याकडे एक चाळीस वर्षांचा पेशंट आला, रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग. कमी प्रथिनं, मीठ नाही, पाणी भरपूर. आता खरी गंमत बघा. घास न घास तोलून त्यातल्या प्रथिनांचा हिशोब ठेवला तो पॉलिंगबाईंनी, एव्हा हेलन यांनी. पॉलिंगना पुढे दोन नोबेल मिळाली आणि ते १९९४ पर्यंत, म्हणजे ९३ वर्षं जगले. पथ्यामुळेच, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण तो काटा धरणाऱ्या बाईबद्दल मला फार आपलेपणा वाटला.

त्याच सुमाराला ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर पेशंटांना भात, फळं, फळांचा रस आणि साखर एवढंच देत होते. दिवसाला प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम. १९४२ साली एका बाईला त्यांनी दोन आठवड्यांनी बोलावलं. त्यांच्या जर्मन उच्चारांमुळे तिने ऐकलं दोन महिने! ती तेवढे दिवस भात खाऊन परत आली ती कितीतरी सुधारून. मग त्यांनी हे पथ्य बेधडक लांबवायला सुरुवात केली. आम्ही पेज-भात खाणारी माणसं, तरी दोन महिने नुसता गोड भात म्हटल्यावर माझ्याही पोटात गोळा आला. आणि ती फळं, ते रस! पोटॅशियम वाढलेल्या पेशंटच्या ताटात आज डाएटिशियन ते येऊ देणार नाही.

१९६४ साली इटलीत जोव्हानेत्ती आणि माज्जोरे यांनी जरा माणसासारखा विचार केला. प्रथिनं थोडीच, पण अंड्यासारखी उत्तम प्रतीची. बाकी पोट भरायला गव्हाच्या स्टार्चचे पदार्थ, कारण साध्या गव्हातही प्रथिन असतंच. (आपली पोळीसुद्धा हिशोबात धरावी लागते, हे मला काटा आल्यावरच कळलं.)

तोवर १९६० मध्ये सिअ‍ॅटलला स्क्रिब्नर यांच्या शंटमुळे कायमचं डायलिसिस शक्य झालं होतं. तिथे हिशोब उलटा होतो. डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटकही धुऊन जातात, म्हणून प्रथिनं वाढवायची, आणि पाणी मात्र मोजायचं. ह्यांना अजून त्याची गरज नाही. आमचा काटा सध्या डाळीपुरता आहे.