मांडी की खुर्ची? गाडीतल्या बाळाचा इतिहास



लेकरू मांडीवर घेतलं की ते सुखरूप, असं आपण सगळ्याच धरून चालतो. लग्नाच्या जीपमध्ये, दवाखान्यात जाताना आपण तसंच बसतो. परदेशातल्या आयाही पूर्वी तसंच मानायच्या. ही समजूत कशी मोडली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

अमेरिकेत १९३०च्या दशकात मुलांसाठी गाडीतल्या खुर्च्या निघाल्या. पण मूल उंच बसावं आणि चालवणाऱ्याला त्रास देऊ नये, एवढाच त्यांचा उपयोग. जीव वाचवण्याचा विचार त्यात नव्हता. १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा आणला. तो मोठ्यांच्या मापाचा. लहानग्याच्या गळ्याशी येणारा. मग तिथलेच डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीर उड्डाणावेळी पाठीवर निजतात, हे पाहून मागे तोंड करून बसायची बाळखुर्ची सुचवली. बाळाचं डोकं जड, मान कोवळी. समोरून धडक बसली तर अशा खुर्चीत धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो.

खुर्ची आली, पण वापर होईना. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांनी कायद्यासाठी पाठपुरावा केला. १९७८ मध्ये तो लागू झाला. त्या देशातला असा पहिलाच. पण त्यात एक पळवाट राहिली: मोठ्या माणसाने मूल मांडीवर धरलं तर चालेल! सँडर्स यांचा याला विरोध होता. कारण जोराच्या धडकेत कितीही घट्ट धरलं तरी मूल हातातून निसटतं. आईला पट्टा नसेल, तर तिचंच वजन बाळाला चिरडतं. १९८१ साली ही सूट रद्द झाली. १९८५पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत कायदे झाले.

आपल्याकडे २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळखुर्चीशिवाय गाडीतून नेलं, तर १,००० रुपये दंड आहे.

खुर्ची महाग पडते, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण गटाची भांडी लग्नकार्याला घरोघर फिरतात, तशी गटाची एक खुर्चीही फिरू शकेल. बाळंतीण दवाखान्यातून घरी येते, त्या दिवसापासून ती कामाला येईल. मोठ्या मुलांना मागच्या सीटवर बसवा, प्रत्येकाला वेगळा पट्टा लावा. आई आणि मूल दोघांना एकाच पट्ट्यात बांधू नका. येत्या बैठकीत हा विषय नक्की काढा.