ॲझाथायोप्रीन व त्वचेचा कर्करोग

संधिवाताभ संधिशोथ, क्रोन रोग यांसारख्या विकारांत शरीराची प्रतिरक्षायंत्रणा स्वतःच्याच ऊतकांवर आघात करते. तो रोखण्यासाठी दिले जाणारे ॲझाथायोप्रीन दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या, विशेषतः शल्की कोशिकांच्या, कर्करोगाचा धोका वाढतो. हा संबंध मात्र प्रथम वृक्क-प्रतिरोपण झालेल्या रुग्णांत आढळला.

रक्ताच्या कर्करोगावरील मर्कॅप्टोप्यूरीन या औषधापासून गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांनी अमेरिकेत १९५७ मध्ये हे संयुग तयार केले. १९६२ मध्ये बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी मृत दात्याच्या वृक्काचे यशस्वी प्रतिरोपण केले, ते याच औषधाच्या आधारे. रुग्ण अधिक वर्षे जगू लागले, तसे दुष्परिणामही दिसू लागले. गोरी त्वचा व प्रखर ऊन यांचा संयोग असलेल्या ऑस्ट्रेलियातून १९७१ मध्ये अशा रुग्णांतील त्वचा-कर्करोगाचे वृत्त प्रसिद्ध झाले. १९७९ मधील ब्रिटन व ऑस्ट्रेलेशिया यांच्या संयुक्त पाहणीत प्रतिरोपण न झालेले १,३४९ रुग्णही होते. त्यांच्यातही हा धोका आढळला, पण कमी प्रमाणात. प्रतिरोपणाच्या रुग्णांना बहुधा अनेक प्रतिरक्षादमनक औषधे एकत्र घ्यावी लागतात. म्हणून त्यांच्याविषयीचे आकडे संधिशोथाच्या रुग्णाला जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.

प्रतिरक्षा दुबळी झाल्याने कर्करोगी कोशिकांचा नाश होत नाही, हे स्पष्टीकरण खरे असले, तरी अपुरे होते. औषधापासून शरीरात बनणारे थायोग्वानीन डीएनएमध्ये शिरते. सामान्य डीएनए दीर्घ तरंगलांबीचे जंबुपार किरण फारसे शोषत नाही. थायोग्वानीन मात्र सु. ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण शोषते व त्यातून डीएनएला इजा करणारी क्रियाशील ऑक्सिजनयुक्त द्रव्ये निर्माण होतात. ब्रिटनमधील संशोधकांनी हे २००५ मध्ये दाखविले. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच अंशी आत येतात.

आतड्याच्या दाहाच्या १९,४८६ रुग्णांच्या फ्रान्समधील अभ्यासात (२०११) हे औषध पूर्वी घेऊन नंतर थांबविलेल्यांतही धोका वाढलेला आढळला. कृष्णवर्णी त्वचेतील मेलॅनिनामुळे तो कमी असतो, पण नाहीसा होत नाही. मूळ रोग बळावण्याची भीती असल्याने औषध परस्पर बंद करू नये. उन्हापासून संरक्षण, त्वचेची नियमित तपासणी आणि न भरणाऱ्या व्रणाची किंवा खरखरीत वाढत्या गाठीची विनाविलंब चिकित्सा आवश्यक असते.