गुग्गुळाची पुडी

आईच्या गुडघ्यांबद्दल सांगायचं तर आधी आमच्या जिन्याबद्दल सांगावं लागेल. भाईंदर पश्चिमेला ऐंशीच्या दशकात ज्या धडाक्यात इमारती उभ्या राहिल्या, त्यातलीच आमची एक. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि आम्ही अर्थातच तिसऱ्या मजल्यावर. घर घेतलं तेव्हा आई पस्तिशीत होती, भाजीची पिशवी घेऊन एका दमात वर यायची. पुढे तीच आई प्रत्येक मजल्यावर थांबून, कठडा धरून, "हं, चला" असं स्वतःलाच म्हणत चढू लागली. २०१९ च्या पावसाळ्यात तर तिने खाली उतरणंच सोडलं.

आणि मग आली पुडी. कुणीतरी कुणालातरी सांगितलं, त्याने आम्हाला सांगितलं. एका छोट्याशा दुकानात एक गृहस्थ बसत, ते कागदाच्या पुड्या द्यायचे. सकाळ-संध्याकाळ दुधातून घ्यायची. "शुद्ध गुग्गुळ आहे, वनस्पती आहे, साइड इफेक्ट काही नाही." पुडीवर नाव नाही, गाव नाही. पाचव्या दिवशी आई एकटी खाली उतरली आणि कोथिंबीर घेऊन वर आली! आम्हाला कोण आनंद. मी स्वतः चार शेजाऱ्यांना त्या गृहस्थांचा पत्ता दिला (ही गोष्ट आजही टोचते).

दोन-अडीच महिन्यांनी आईचा चेहरा गोल दिसायला लागला. आम्हाला वाटलं, तब्येत सुधारतेय. मग साखर वाढली, जी तिला कधीच नव्हती. डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, "गुडघ्यासाठी कसली पुडी घेता का?" सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासलं, ते फारच कमी निघालं. म्हणजे बाहेरून स्टिरॉइड जात होतं आणि शरीराने स्वतःचं बनवणं जवळजवळ थांबवलं होतं. बरं, ते एकदम बंदही करता येत नाही. डॉक्टरांनी मोजून मापून, चार महिने लावून उतरवत नेलं. त्या चार महिन्यांत आईने काय सोसलं ते ती कधी बोलली नाही.

मला मात्र एक प्रश्न चिकटून राहिला. त्या पुडीत गुग्गुळ नव्हता, ठीक. पण मग गुग्गुळ म्हणजे काय? आमच्या घरात तो शनिवारी निखाऱ्यावर टाकायचा एक काळपट खडा होता, आणि आजीच्या डबीत 'योगराज' नावाची कडू गोळी. त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं.

पहिली माहिती शेजारच्या भाभींनी दिली. त्या मारवाडातल्या. आमच्या भाईंदरला निम्मी वस्ती तिकडचीच, त्यामुळे वाळवंटाची माहिती हवी असली तर दार उघडून हाक मारली की झालं. "आंटी, गूगल का पेड़ तो हमारे यहाँ सूखा-सूखा ही दिखता है," त्या आईला सांगत होत्या. खरंच आहे ते. गुग्गुळाचं झाड म्हणजे माणसाच्या उंचीचं, फार तर थोडं वर जाणारं काटेरी झुडूप. साल कागदासारखी सुटते, पानं पावसापुरती. बाकी वर्षभर ते मेलंय की जिवंत आहे हे नवख्याला कळू नये. राजस्थान, कच्छ, सिंध हा त्याचा मुलूख. शास्त्रीय नाव कॉमिफोरा वाइटिआय; त्यातला 'वाइट' म्हणजे मद्रासकडे कंपनी सरकारच्या नोकरीत असलेला रॉबर्ट वाइट हा डॉक्टर. थंडीत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला खोडाला चीर देतात, तिच्यातून पिवळसर चीक येतो आणि सावकाश घट्ट होतो. थोडा डिंक, थोडी राळ, थोडं सुवासिक तेल, असा तो मिश्र पदार्थ. झाड चीर सोसण्याजोगं व्हायलाच आठ-दहा वर्षं लागतात. आणि एवढं करून एका झाडाचा एका हंगामाचा डिंक बहुधा अर्ध्या किलोच्या आतच.

हा माल किती जुना? अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात गुग्गुळावर एक छोटं सूक्त आहे. त्याच्या वासाने यक्ष्मा पळतो असं तिथे म्हटलंय. त्यात नदीकडचा, म्हणजे सिंधूकडचा, आणि समुद्रावरून आलेला, असे दोन गुग्गुळ येतात. म्हणजे तेव्हाही तो व्यापाराचा माल होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी वही लिहिली (पेरिप्लस म्हणतात तिला), तिच्यात सिंधूच्या मुखावरच्या आणि भडोचच्या निर्यातीत 'ब्डेला' आहे. तोच हा गुग्गुळ. त्याच वहीत भडोचच्या खाली सुप्पारा येतं. आमच्या स्टेशनावरून विरार लोकल पकडली, खाडीचा पूल ओलांडला की नायगाव, वसई आणि मग नालासोपारा. तेच ते. रोज त्या पुलावर मी मोबाईलमध्ये मान घालून उभा असतो.

हाडांशी आणि सांध्यांशी गुग्गुळाची गाठ वैद्यांनी पक्की बांधली. सुश्रुताने वातव्याधींच्या चिकित्सेत त्याचे गुण सांगताना एक भेद केलाय, तो मला फार आवडला : नवा गुग्गुळ पोसतो, बळ देतो; जुना गुग्गुळ खरवडतो, मेद झडवतो. एकच डिंक, पण वयाप्रमाणे उलट काम! पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात रंगावरून पाच जाती येतात. त्यातल्या दोन हत्तींसाठी, दोन घोड्यांसाठी आणि सोन्याच्या रंगाचा माणसांसाठी. युद्धात हत्ती-घोडे लंगडत असणारच, आणि त्यांचा वैद्य माणसाच्या वैद्याच्या मानाने काही कमी महत्त्वाचा नसणार.

पण कच्चा गुग्गुळ कुणी देत नसे. कापडात बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात, गुळवेलीच्या काढ्यात, दुधात किंवा गोमूत्रात तो उकळायचा. काडीकचरा, वाळू, साल कापडात राहते. राळ खाली उतरते. मग ती आटवायची, आणि लोखंडी खलबत्त्यात तुपाचं बोट लावत कुटत बसायचं. चूर्णं घालायची, पुन्हा कुटायचं. गोळी वळण्याजोगा मऊपणा येईपर्यंत मनगटं भरून येतात. मी घरी पाव किलोवर हा प्रयोग केला. तासाभरात खलबत्ता गुग्गुळाला चिकटला, गुग्गुळ बत्त्याला, आणि आईने दोन्ही माझ्या हातातून काढून घेतले.

शार्ङ्गधराने तेराव्या-चौदाव्या शतकात गुग्गुळाच्या गोळ्यांना आपल्या ग्रंथात नीट जागा दिली. योगराज, कैशोर, गोक्षुरादी ही नावं तिथे एकत्र भेटतात. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. योगराजाच्या जुन्या पाठात धातूंची भस्मंही आहेत, त्यात नागभस्म, म्हणजे शिसं. आज बाजारात तो 'महायोगराज' म्हणून मिळतो आणि भस्मांशिवायचा नुसता 'योगराज' वेगळा. नावात दोन अक्षरांचा फरक, पण महिनोन् महिने घ्यायचं औषध असेल तर तो फरक लहान नाही. बोस्टनमध्ये २००४ साली दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. लेबल वाचा, वैद्याला विचारा. पुडीला लेबल नसतं हेही लक्षात घ्या.

मोडलेल्या हाडासाठी वेगळा गुग्गुळ आहे, लाक्षादी. चक्रदत्तात, म्हणजे अकराव्या शतकात, तो भग्नाच्या प्रकरणात येतो. त्यात लाख, कांडवेल, अर्जुनसाल, असगंध आणि नागबला. लाख ही किड्यांची राळ आणि गुग्गुळ ही झाडाची. सुतारही फुटलेलं लाकूड सांधायला असंच काहीतरी घेतो. कांडवेलीची सांध्यासांध्यांची काडी पाहिली की तिला 'हाडसांधी' का म्हणतात ते कळतं. नुसत्या दिसण्यावरून औषध ठरवलं असेल असं मला वाटायचं. पण बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा या सर्जननी १९६० च्या दशकात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या मोडलेल्या हाडांवर तिचे प्रयोग केले, तेव्हा हाडं लवकर जुळून आलेली दिसली. सुजलेल्या, आखडलेल्या सांध्यांचा आमवात ही आणखी वेगळी कथा. माधवनिदानाने त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं, आणि त्यावरच्या एरंडेल घातलेल्या गुग्गुळाचं नाव पडलं सिंहनाद. नाव ठेवण्यात आपले वैद्य अजिबात मागे नव्हते!

मग छापखाना आला आणि कारखाना आला. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये औषधांचं काम सुरू केलं, तेच धूतपापेश्वर. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी मराठीत वनस्पतींवर आणि वैद्यकावर पुस्तकं लिहिली आणि १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महासंमेलन उभं केलं. घरोघरी खलबत्त्यात होणारी गोळी बाटलीत आली. आजीच्या डबीतली गोळी तीच.

गुग्गुळाचं खरं दुखणं मात्र पुढे सुरू झालं. १९६६ मध्ये बनारसलाच जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या त्या मेद झडवण्याच्या श्लोकांवरून गुग्गुळ आणि रक्तातली चरबी यांचा अभ्यास मांडला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यावर काम झालं आणि १९८६ मध्ये 'गुग्गुलिपिड' औषध म्हणून मंजूर झालं. सांध्यांचा गुग्गुळ हृदयाचा झाला, परदेशात गेला. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवडे चाचणी झाली, तर वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं चढलं. पण तोवर मागणी वाढून बसली होती. झाड वाढायला आठ-दहा वर्षं. एवढी वाट कोण बघणार? खोल चिरा, चिरेत काहीबाही लेप. डिंक एकाच हंगामात भरपूर वाहतो आणि झाड उभ्याउभ्या वाळून जातं. २०१५ मध्ये गुग्गुळ जगाच्या अतिसंकटग्रस्त झाडांच्या यादीत गेला. भाभी म्हणतात, त्यांच्या सासऱ्यांनी दाखवलेल्या टेकडीवर आता फक्त विलायती बाभूळ आहे.

या सगळ्यात वैद्यांना आधार झाला तो सालईचा. ही आपल्या घरची. सातपुड्याच्या कोरड्या, दगडी उतारांवर फिकट सालीची जी झाडं दिसतात, ती. संस्कृतात शल्लकी, आणि हत्तींना आवडते म्हणून गजभक्ष्या. अरबस्तानातल्या धुपाच्या झाडाची ही सख्खी बहीण, हिचाही डिंक सुगंधी. या झाडाला आपण कसं वागवलं बघा : भुसावळहून खांडव्याकडे जाताना नेपानगर लागतं, तिथल्या गिरणीत हे लाकूड लगद्यात जाऊन वर्तमानपत्रांचा कागद व्हायचं.

१९८६ मध्ये जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या सिंग आणि अटल यांनी सालईच्या डिंकाचा सूज उतरवण्याचा गुण मांडला. नंतर नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघेदुखीच्या ३० रुग्णांवर चाचणी झाली, ती २००३ मध्ये छापून आली. निम्म्यांना सालईचा अर्क, निम्म्यांना खोटी गोळी, आठ आठवडे, मग अदलाबदल. अर्कावर असताना वेदना कमी झाली, गुडघा जास्त वाकला, चालणं वाढलं. एक्स-रेमध्ये काहीही बदल नाही. शेवटचं वाक्यही त्यांनी लिहिलं, याचं मला कौतुक वाटतं. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रांच्या गटाने २००४ मध्ये असगंध, सालई, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण ९० रुग्णांवर ३२ आठवडे तपासलं. फरक ठळक दिसला तो १६ व्या आणि ३२ व्या आठवड्यात. २०१३ मध्ये ४४० रुग्णांची मोठी चाचणी आली. सालई घातलेलं मिश्रणही तिच्यात होतं आणि ते नेहमीच्या गोळ्यांच्या बरोबरीने उतरलं. पण सात जणांच्या रक्तात यकृताचं एसजीपीटी वाढलेलं दिसलं आणि त्यांना थांबवावं लागलं. "वनस्पती आहे, साइड इफेक्ट काही नाही" म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवायला हवा.

सोळावा आठवडा! आमची पुडी पाचव्या दिवशी लागू पडली होती. हे एवढं गणित मला तेव्हा आलं असतं तर...

असो. ज्या चार शेजाऱ्यांना मी पत्ता दिला होता, त्यांच्या दारी मी नंतर गेलो. तिघांनी ऐकलं. चौथे म्हणाले, "तुमच्या आईला नसेल सोसलं, मला तर बरं वाटतंय." त्यांना काय सांगायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

आई आता एका वैद्यबाईंच्या सल्ल्याने सालईच्या गोळ्या घेते, मांडीचे व्यायाम करते, आणि तीन महिन्यांनी रक्त तपासून येते. पायऱ्या चढते, कठडा धरूनच. मागच्या दिवाळीत भाभींनी गावाहून लिंबाएवढा गुग्गुळ आणला, दिराच्या शेतातल्या जपलेल्या एकमेव झाडाचा. आईने तो जाळला नाही. काचेच्या बरणीत ठेवलाय, आजीच्या डबीशेजारी. परवा म्हणत होती, "राहू दे, जुना होऊ दे थोडा."