कॉफीचा हिम : एका नव्या पेयाची जुनी कुळकथा

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली हे गाव मराठी, तेलुगू आणि गोंडी या तीन भाषांच्या संगमावर वसलेले आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. राज्ये बदलली, परंतु वैशाखातले ऊन बदलले नाही. पारा चाळीस अंशांच्या वर चढला म्हणजे चुलीपुढे बसणे नकोसे होते आणि ज्या पेयाला विस्तव लागत नाही त्याची आठवण होते. ज्वारीच्या पिठाची आदल्या रात्री आंबवून ठेवलेली आंबील, किंवा धणे भिजत घालून सकाळी गाळून घेतलेले पाणी, ही या भागाची उन्हाळ्यातील जुनी सोय. कोकणात हेच काम आमसुले करतात. पाण्यात टाकून ठेवली की ती आपला रंग व आंबटपणा आपण होऊन सोडतात.

अलीकडे शहरांतील उपाहारगृहांतून ‘कोल्ड ब्रू’ या नावाने एक पेय मिळू लागले आहे आणि तरुण मंडळींच्या तोंडून त्याचे नाव घरोघर पोहोचले आहे. कॉफीची जाडसर पूड थंड पाण्यात रात्रभर भिजवावयाची, सकाळी गाळावयाची आणि तो अर्क पाणी किंवा दूध घालून प्यावयाचा, एवढीच त्याची कृती. काहींना ही परदेशी चैन वाटते. काही वडीलधाऱ्यांना रात्रभर राहिलेले पेय म्हणजे शिळे, अशी शंका येते. उलट काही उत्साही लोक हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते, असे सांगून मोकळे होतात. या तिन्ही मतांत थोडे थोडे तथ्य आणि पुष्कळ घाई आहे. म्हणून या पेयाची कुळकथा शांतपणे तपासून पाहणे उचित होईल.

प्रथम कॉफीची गोष्ट. हे झाड मूळचे इथिओपियाचे. त्याच्या बियांचे पेय करून पिण्याची चाल पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधकांत रूढ झाली. रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. पेय लोकप्रिय झाले तशी त्याविषयी शंकाही उत्पन्न झाली आणि १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने त्यावर बंदी घातली. ती बंदी टिकली नाही. भारतात कॉफीचे बी बाबा बुडन या साधूने सतराव्या शतकात येमेनहून आणले आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण पर्वतावर रुजविले, अशी परंपरा आहे. बिया सात होत्या, असेही परंपरा सांगते. त्याच डोंगरावरील स्थान हिंदू भाविकांना दत्तपीठ म्हणून आणि मुसलमान भाविकांना दर्गा म्हणून पूज्य आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी घाटमाथ्यावर मोठे मळे उभारले, आणि घाट उतरून येणारी कॉफी सोलून, निवडून, प्रतवारी लावून जहाजावर चढविण्याचे केंद्र म्हणून मंगळूर भरभराटीस आले. दक्षिण कानड्यातील कोकणी घरांत कॉफी रुळली ती अशी शेजारातूनच.

मराठी मुलखात मात्र ती बेताबेतानेच शिरली. मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत. परंतु विदर्भाचे पेय चहाच राहिले. १९३६ मध्ये कॉफीच्या प्रचारासाठी मुंबईत चर्चगेटला ‘इंडिया कॉफी हाऊस’ निघाले, आणि पुढे पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांत कॉफी व चर्चा यांची जोडी जमली. इंद्रवेल्लीच्या परिसरातही कॉफी हे घरोघरचे पेय नव्हे. तथापि या भागाचा कॉफीशी एक अप्रत्यक्ष संबंध आहे. १९५६ मध्ये विशाखापट्टण येथे स्थापन झालेले गिरिजन सहकारी महामंडळ पूर्वघाटात अरकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी विकत घेत असे, आणि तेच महामंडळ, राज्य विभागले जाईपर्यंत, उटनूर भागातील गोंडांकडून डिंकासारखा वनोपज घेत असे. अरकूच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी ही कॉफी व हा डिंक एकाच संस्थेच्या वहीत लिहिले जात होते, ही गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे.

आता थंड अर्काची गोष्ट. येथे एक भेद आरंभीच केला पाहिजे. गरम कॉफी करून ती निववून बर्फ घालून पिणे निराळे, आणि कॉफीला उष्णतेचा स्पर्शच न होऊ देता तिचा अर्क काढणे निराळे. पहिला प्रकार युरोपात एकोणिसाव्या शतकापासून ‘माझाग्रान’ या नावाने ओळखला जातो. अल्जीरियातील ज्या किल्ल्यावर १८४० मध्ये फ्रेंच सैनिक वेढले गेले होते, त्याचे हे नाव. दुसरा प्रकार जपानात, विशेषतः क्योटो शहरात रुजला. तेथे काचेच्या उंच पात्रातून थंड पाणी थेंबाथेंबाने पुडीवर सोडतात. ही रीत डच व्यापाऱ्यांकडून आली असे सांगतात, आणि जपानी लोक अशा कॉफीला डच कॉफीच म्हणतात. अमेरिकेत १९६४ मध्ये टॉड सिम्पसन या रसायनशास्त्र जाणणाऱ्या अभियंत्याने घरच्या घरी थंड अर्क काढण्याचे साधे पात्र तयार केले. परंतु हे पेय जगभर पसरले ते एकविसाव्या शतकातच. तात्पर्य, कॉफीपुरते पाहिले तर हे पेय खरोखरच नवे आहे.

पद्धत मात्र नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यातून गुण काढून घेण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट. पिळून काढलेला रस तो स्वरस. वाटून केलेला गोळा तो कल्क. पाण्यात उकळून आटविलेला काढा तो शृत अथवा क्वाथ. कढत पाणी ओतून, थोडा वेळ झाकून गाळलेला तो फांट. आणि थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलेला तो शीत कषाय. शार्ङ्गधरसंहितेत या शेवटच्या प्रकाराला ‘हिम’ असे सुंदर नाव आहे, आणि तेथे प्रमाणही बांधून दिले आहे : कुटलेले द्रव्य एक पळ, पाणी सहा पळे, मुदत एक रात्र. धण्यांचा असा हिम साखर घालून सकाळी प्यावा, म्हणजे अंगातील दाह शमतो, असे तेथे सांगितले आहे. इंद्रवेल्लीकडील उन्हाळ्यातले धण्याचे पाणी ते हेच. कोकणी घरांतील धण्याजिऱ्याचा कषाय मात्र उकळून करतात; तो क्वाथ होय.

या पाच नावांच्या प्रकाशात आपली रोजची पेये पाहिली म्हणजे गंमत वाटते. पातेल्यात उकळलेला चहा हा क्वाथाच्या जातीचा. दाक्षिणात्य पितळी गाळणीतून थेंब थेंब उतरणारी कॉफी फांटाच्या जातीची. आणि ही नवी थंड कॉफी म्हणजे शुद्ध हिम. शार्ङ्गधराचे एकास सहा हे प्रमाण आजचे जाणकार अर्कासाठी जे प्रमाण सुचवितात, एकास पाच ते एकास आठ, त्याच्या मर्यादेत बसते. परंतु यावरून आपल्या पूर्वजांनी ही कॉफी शोधून काढली असे म्हणणे योग्य होणार नाही. शार्ङ्गधराच्या काळी या देशात कॉफीचे एकही झाड नव्हते. पूर्वजांनी आपल्याला ते पेय दिले नाही. विस्तव, पाणी आणि वेळ यांचा हिशेब दिला. खोट्या अभिमानापेक्षा हे खरे देणे अधिक मोलाचे आहे, कारण ते आजही वापरता येते.

हा हिशेब असा. उष्णता जे काम काही मिनिटांत करते, तेच काम थंड पाणी काही तासांत करते. परंतु दोघांच्या हाती सारखेच द्रव्य लागत नाही. कढत पाणी पुडीतील सुगंधी तेले, आम्ले आणि कडू द्रव्ये भराभर ओढून घेते. थंड पाणी त्यांतील काहींना हात लावत नाही. म्हणून हिम चवीला मवाळ, किंचित गोडसर आणि कमी कडू लागतो. त्याचा दरवळही गरम कॉफीइतका उठत नाही. फिलाडेल्फिया येथील दोन संशोधिकांनी, नायनी राव व मेगन फुलर यांनी, २०१७ व २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दोन गोष्टी दाखविल्या. एक, जाडसर पुडीतून मुख्य द्रव्ये उतरण्यास सुमारे चारशे मिनिटे, म्हणजे साडेसहा-सात तास पुरतात. ‘एक रात्र’ हा जुना दंडक किती नेमका होता ते यावरून दिसते. दुसरी, आम्लतेचा नेहमीचा मापांक गरम व थंड कॉफीत जवळजवळ सारखाच भरतो, मात्र एकंदर आम्ले गरम कॉफीत अधिक असतात. म्हणून थंड कॉफी आम्लपित्तावर औषध आहे, असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये.

दुसरा गैरसमज असा की, थंड पाण्यात कॉफीचा उत्तेजक अंश, म्हणजे कॅफीन, उतरत नाही. वस्तुतः साध्या थंड पाण्यातही शंभर मिलिलिटरमागे सुमारे दोन ग्रॅम कॅफीन विरघळू शकते, आणि अरेबिका जातीच्या शंभर ग्रॅम पुडीत ते असते अवघे एक ग्रॅमच्या आसपास. पाण्याला जागा भरपूर आहे. रात्रभरात त्यातील बहुतेक उतरते. म्हणून हा अर्क पातळ केल्यावाचून पिऊ नये आणि सायंकाळनंतर तर घेऊच नये.

आता घरची कृती. मध्यम भाजलेल्या कॉफीची पूड लापशीच्या रव्याइतकी जाडसर दळून घ्यावी. बारीक पूड पाण्यात गाळ धरते आणि अर्क तुरट होतो. चिकोरी मिसळलेली पूड टाळावी. पाण्यात लागलीच विरघळणाऱ्या कॉफीचा तर येथे उपयोगच नाही. पूड शंभर ग्रॅम, पाणी सहाशे मिलिलिटर. भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे. कल्हई नसलेले पितळेचे वा तांब्याचे भांडे वापरू नये. पूड घालून पाणी ओतावे, लाकडी चमच्याने एकदा ढवळून सर्व पूड भिजली आहे असे पाहावे, आणि झाकण ठेवावे. थंडीच्या दिवसांत ओट्यावर दहा-बारा तास पुरेत. आदिलाबादेसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात भांडे शीतकपाटातच ठेवावे. तेथे अर्क सावकाश उतरतो म्हणून सोळा ते अठरा तास द्यावेत. सकाळी प्रथम गाळणीतून आणि मग दुहेरी मलमलीतून गाळावे. फडके पिळू नये. पिळल्यास गाळ व तुरटपणा उतरतो. चोथा सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून हाती चारशे मिलिलिटर अर्क येतो. एक भाग अर्कास दोन भाग थंड पाणी अथवा दूध घातले की दीडशे मिलिलिटरचे आठ पेले होतात आणि प्रत्येकात साडेबारा ग्रॅम पुडीचा अर्क येतो. उरलेला अर्क पाणी-दूध न मिसळता झाकून शीतकपाटात आठवडाभर ठेवता येतो. दूध मिसळल्यावर मात्र त्याच दिवशी संपवावा. चोथा तुळशीवृंदावनात न टाकता इतर झाडांच्या मातीत मिसळावा.

येथेच वडीलधाऱ्यांच्या शंकेचे उत्तर दिले पाहिजे, कारण ती शंका निराधार नाही. चुलीवरचे पेय उकळते तेव्हा पाण्यातील दोषही जळून जातात. हिमात विस्तव नाही, म्हणून ते रक्षणही नाही. जुन्या काळी घरात पाणी गाळून, झाकून, भांडे घासून-पुसून ठेवण्याचा जो कटाक्ष होता, तोच येथे अग्नीची जागा घेतो. म्हणून हिमासाठी पाणी आधी खळखळून उकळावे, मग पूर्ण निववून वापरावे. भांडे, चमचा व फडके कढत पाण्याने धुऊन घ्यावे. एवढे केले म्हणजे रात्रभर राहिलेले ते सारेच शिळे, असे म्हणण्याचे कारण उरत नाही. शिळेपण वेळेने येत नाही, हयगयीने येते. धण्याचे पाणी आपण शिळे म्हणत नाही, ते याच कारणाने.

पाणी आणि वेळ यांचे हे नाते इंद्रवेल्लीच्या परिसराला परके नाही. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तीपूर्वी मेस्राम कुळातील लोक हस्तिनामडुगू येथून गोदावरीचे पाणी पायी चालून आणतात, आणि त्या पाण्याने देवाचा अभिषेक होतो. आज मोटारीने काही तासांत आणता येणारे पाणी ते दिवसांच्या चालीने आणतात; तो वेळ वाचविण्याची गोष्ट त्यांच्या मनात येत नाही, कारण चाल हाच त्या पाण्याचा संस्कार आहे. आपल्या देवळांतील तीर्थातही तुळशीचा गंध पाण्यात उतरतो तो विस्तवावाचून, केवळ सहवासाने.

कॉफीच्या हिमाला देवकार्याची थोरवी देण्याचे प्रयोजन नाही. ते उन्हाळ्यातील एक रुचकर पेय आहे, एवढेच. परंतु ज्या गोष्टीला आपल्या भाषेत नाव आहे, प्रमाण आहे आणि घराघरांत सराव आहे, ती परकी म्हणून दूर लोटण्याचे किंवा महागडी म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. रात्री निजण्यापूर्वी एक भांडे भरून झाकून ठेवावे. उरलेले काम पाणी करते.