न्यू ट्रियर : एका उपनगरी हायस्कुलाची हकीकत

'पब्लिक स्कूल' या नांवाचा अर्थ इंग्लंडांत एक आणि अमेरिकेंत अगदीं दुसरा आहे. इंग्लंडांत ईटन, हॅरो यांसारख्या भारी फी घेणाऱ्या खाजगी विद्यालयांना तें नांव रूढ आहे. अमेरिकेंत मात्र जी शाळा लोकांच्या करांवर चालते, जिच्यावर लोकांनीं निवडलेल्या मंडळाची सत्ता असते आणि जींत त्या भागांतील कोणाहि रहिवाशाच्या मुलाला फी न देतां शिकतां येतें, ती पब्लिक स्कूल. यांतील 'रहिवासी' हा शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा; पुढील सर्व हकीकत त्याच्याच भोंवतीं फिरणारी आहे.

प्राथमिक शिक्षण करांच्या पैशावर द्यावें, हें त्या देशांत लवकर मान्य झालें. हायस्कुलाचें तसें नव्हतें. बोस्टन शहरानें १८२१ सालीं पहिलें सार्वजनिक हायस्कूल काढलें खरें. पण त्यानंतर पन्नास वर्षें लोटलीं तरी, शेजाऱ्याच्या मुलानें लॅटिन शिकावें म्हणून आपण कर कां भरावा, असें विचारणारे गृहस्थ गांवोगांवीं होतेच. मिशिगन संस्थानांतील कॅलमाझू येथील कांहीं करदात्यांनीं हा वाद न्यायालयांत नेला. १८७४ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ति टॉमस कूली यांनीं निकाल दिला कीं, लोकांची संमति असेल तर हायस्कुलासाठीं कर बसविण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. या निकालानें बांध फुटला. १९१० सालीं अमेरिकेंतील तरुणांपैकीं शेंकडा ९ च्या आसपास हायस्कूल पुरें करीत. १९४० च्या सुमारास तें प्रमाण शेंकडा ५० पर्यंत पोंचलें. तीस वर्षांत एवढी मजल मारल्याचें उदाहरण शिक्षणाच्या इतिहासांत विरळाच.

या लाटेंतच शिकागो शहराच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या कांठीं, न्यू ट्रियर हायस्कूल उभें राहिलें. जर्मनींतील ट्रियर नगराच्या बाजूनें आलेल्या वसाहतवाल्यांनीं या भागाला आपल्या जुन्या गांवाचें नांव दिलें होतें. पुढें आगगाडी आली आणि शिकागोच्या धुरापासून दूर राहूं इच्छिणारे व्यापारी, वकील, डॉक्टर विल्मेट, केनिलवर्थ, विनेट्का, ग्लेन्को या गांवांत घरें बांधूं लागले. सकाळच्या गाडीनें शहरांत जावें व संध्याकाळीं झाडीच्या सावलींत परत यावें, असा त्यांचा क्रम. या सर्व गांवांनीं मिळून विनेट्का येथें १९०१ सालीं हें विद्यालय सुरू केलें. आरंभीं विद्यार्थी शंभराच्या आंतच होते.

अशा विद्यालयानें मुलांना काय द्यावें, याविषयीं अमेरिकेंतील विचार त्या काळीं झपाट्यानें बदलत होता. १८९३ सालीं हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या समितीनें भाषा, गणित, शास्त्र, इतिहास असे विद्याविषय पुढें ठेविले. पंचवीस वर्षांनीं, १९१८ मध्यें, दुसऱ्या एका समितीनें हायस्कुलाचीं सात ध्येयें सांगितलीं. आरोग्य, लेखनवाचनादि मूलभूत ज्ञान, कुटुंबांतील योग्य वर्तन, धंद्याची तयारी, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग आणि शील, अशीं तीं सात होत. लॅटिन कोठें गेली, असें जुन्या पंडितांनीं विचारलें असल्यास नवल नाहीं! परंतु ही यादी नीट पाहिली म्हणजे ध्यानांत येतें कीं, पूर्वीं जें काम घर, देवालय, शेत आणि कारखाना हीं करीत, तें बरेंचसें आतां शाळेच्या शिरावर आलें होतें.

न्यू ट्रियरनें हा भार उत्साहानें उचलला. लॅटिन राहिलीच, तिच्या शेजारीं सुतारकामाची शाळा, चित्रकला, वाद्यवृंद, नाट्यगृह हींहि आलीं, आणि पुढें तर विद्यार्थ्यांनींच चालविलेलें नभोवाणी-केंद्र आलें. परंतु या विद्यालयाची खरी कीर्ति झाली ती त्याच्या सल्लागार-पद्धतीमुळें. १९२० नंतरच्या दशकांत ती तेथें रुजली. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागें एक शिक्षक नेमावयाचा. त्यानें रोज सकाळीं त्या सर्वांना एकत्र भेटावयाचें, आणि चारहि वर्षें तोच शिक्षक त्यांच्या पाठीशीं ठेवावयाचा. वर्गांतील गुणांपासून घरांतील कलहापर्यंत कोणतीहि गोष्ट मुलानें त्याच्यापाशीं बोलावी. नव्या विद्यार्थ्याच्या घरीं जाऊन आईबापांची गांठ घेण्याचाहि तेथें प्रघात होता. मोठ्या विद्यालयांत मूल हरवून जातें, ही पालकांची तक्रार सार्वत्रिक आहे. तिच्यावर याहून साधा उपाय सांपडणें कठीण.

या व्यवस्थेचा लाभ केवळ श्रीमंतांच्या मुलांनाच झाला, असें म्हणतां येणार नाहीं. मिशिगनच्या अरण्यांत बालपण गेलेला एक लाजाळू मुलगा, आईनें पुनर्विवाह केल्यावर, विल्मेटला राहावयास आला. न्यू ट्रियरमध्यें तो नाटकांत काम करूं लागला, पुढें नाट्यशिष्यवृत्ति मिळवून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत गेला, आणि 'बेन हर' या १९५९ च्या चित्रपटानें जगाला ठाऊक झाला. तो चार्लटन हेस्टन. मुलींच्या खेळांना मात्र बराच काळ दुय्यम स्थान होतें. १९७२ च्या कायद्यानें शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी केली, आणि १९७५ च्या कायद्यानें अपंग बालकांना सार्वजनिक शाळेंत विनामूल्य व योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. या दोन्ही गोष्टी देशांतील सर्वच शाळांना लागू झाल्या. शाळांनीं आपण होऊन त्या दिल्या असत्या किंवा नाहीं, याची चर्चा आतां व्यर्थ आहे.

आतां त्या 'रहिवासी' शब्दाकडे वळावें. केनिलवर्थ हें गांव जोसेफ सीअर्स नांवाच्या धनिकानें १८८९ सालीं जमीन घेऊन वसविलें, तेव्हां त्यानें ज्या अटी घातल्या त्यांत जमीन केवळ गोऱ्यांनाच विकावी अशीहि एक अट होती. इतर गांवांतूनहि घरांचे दलाल काळ्या कुटुंबांना घर दाखविण्याचें टाळीत. शाळेचें दार उघडें होतें, परंतु शाळेच्या हद्दींत बिऱ्हाड मिळाल्याखेरीज त्या दारापर्यंत पोंचतां येत नव्हतें. २५ जुलै १९६५ रोजीं मार्टिन ल्यूथर किंग विनेट्काच्या हिरवळीवर भाषणास आले तें याच प्रश्नासाठीं. हजारों लोक तें ऐकावयास जमले, आणि त्यांत त्या गांवचे गोरे रहिवासीहि पुष्कळ होते. घरांच्या विक्रींत वर्णभेद करण्यास बंदी करणारा कायदा १९६८ सालीं झाला. पण कायद्यानें घर खुलें झालें तरी त्याची किंमत उतरत नाहीं.

किंमतीचा आणि शाळेचा संबंध कसा येतो, हें टेक्सस संस्थानांतील एका खटल्यानें लख्ख दाखविलें. सॅन अँटोनियो शहरांत एजवुड नांवाच्या गरीब मेक्सिकन वस्तीचा एक शाळा-विभाग होता आणि ॲलमो हाइट्स या सधन वस्तीचा दुसरा. एजवुडचे लोक दर शंभर डॉलरांच्या मिळकतीवर १ डॉलर ५ सेंट कर भरीत. त्यांतून दर विद्यार्थ्यामागें अवघे २६ डॉलर हातीं येत. ॲलमो हाइट्सचे लोक ८५ सेंटच भरीत, आणि त्यांना ३३३ डॉलर मिळत. अधिक दरानें कर भरूनहि ज्याच्या पदरीं कमी पडतें त्याला शिक्षणाची आस्था नाहीं, असें म्हणावयाचें कसें? डिमिट्रिओ रॉड्रिगेझ या पालकानें व त्याच्या शेजाऱ्यांनीं १९६८ सालीं दावा लाविला. १९७३ मध्यें वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो फेटाळला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असें बहुमताचें म्हणणें पडलें. पुढच्याच वर्षीं डेट्रॉइटच्या खटल्यांत, पुन्हां पांच विरुद्ध चार मतांनीं, शहर आणि भोंवतालचीं उपनगरें यांचीं मुलें एकत्र करण्याची योजनाहि न्यायालयानें रद्द केली. उपनगरांनीं स्वतः अन्याय केल्याचा पुरावा नाहीं, हें कारण. तो दिवस २५ जुलै १९७४ हा होता, किंग यांच्या विनेट्का येथील भाषणानंतर बरोबर नऊ वर्षांनीं आलेला. दोन्ही वेळीं विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ति थर्गुड मार्शल होते. १९५४ चा शाळांतील वर्णविभागणी मोडणारा निकाल त्यांनींच वकील या नात्यानें मिळविला होता.

न्यू ट्रियरवर या सर्वाचा ठपका ठेवणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. तेथील लोकांनीं आपल्या मुलांसाठीं आनंदानें कर भरला आणि तो उत्तम रीतीनें खर्च केला. चांगली शाळा चालविणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु जोनाथन कोझोल यांनीं १९९१ सालीं आपल्या ग्रंथांत जी तुलना केली ती विसरण्याजोगी नाहीं. न्यू ट्रियरमध्यें एका सल्लागाराकडे २४ मुलें होतीं. शिकागोंतील डु सेबल हायस्कुलांत ४२०.

२ सप्टेंबर २००८ रोजीं, शाळा सुरू होण्याच्या दिवशीं, शिकागोंतून उतारूंच्या मोटारींची एक रांगच उत्तरेकडे निघाली. कायदेमंडळाचे सभासद व धर्मोपदेशक जेम्स मीक्स यांच्या नेतृत्वाखालीं हजाराहून अधिक मुलें आपल्या शाळेवर बहिष्कार घालून न्यू ट्रियरच्या नॉर्थफील्ड येथील इमारतींत प्रवेश मागावयास आलीं होतीं. त्या वेळीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें न्यू ट्रियर दर विद्यार्थ्यामागें वर्षाला सुमारें १७ हजार डॉलर खर्च करी, तर शिकागो सुमारें १० हजार. दंगा झाला नाहीं. विद्यालयाच्या लोकांनीं मुलांना सौजन्यानें आंत घेतलें, प्रवेशाचे अर्ज दिले, मुलांनीं ते भरले. रहिवासाच्या नियमामुळें ते मंजूर होणार नव्हते, हें दोन्ही बाजूंना अगोदरच माहीत होतें.

इलिनॉय संस्थानानें २०१७ सालीं शाळांच्या अनुदानाचा कायदा बदलला. नवीन पैसा आधीं गरजू विभागांकडे जावा, आणि कोणाचें चालू अनुदान कमी होऊं नये, अशी त्यांत योजना आहे. न्यू ट्रियरचा बहुतेक खर्च अजूनहि तेथील घरांवरील करांतूनच चालतो, आणि प्रवेश घ्यावयास आलेल्या कुटुंबाजवळ आजहि घरपट्टीची पावती किंवा भाडेपत्र असावें लागतें.